उतारावरची माती धरायची कशी : ठाणे जिल्ह्यातल्या वरकस जमिनीसाठी टप्प्याटप्प्याने

मुरबाड-शहापूरकडे उतारावरच्या जमिनीत चर खणणारे, बांध घालणारे बरेच जण भेटतात. मेहनत खरी असते. पण जुलैत जाऊन बघावं तर चर मधेच फुटलेला, बांधाला भगदाड पडलेलं आणि जिथे आधी नुसती माती धुपत होती तिथे आता गुडघाभर ओघळ. पुढच्या वर्षी माणूस म्हणतो, "आमच्याकडे हे चालत नाही."

चालतं. चुकतं ते असं की पद्धत घाटावरची उचललेली असते. तिकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, म्हणून पडेल तो थेंब चरात अडवून मुरवायचा. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. साधा हिशेब करा. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला की तेवढ्या जागेवर एक लाख लिटर पाणी पडतं. २० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे पाच चर खणलेत, तरी सगळे मिळून जेमतेम १८ हजार लिटर धरतात. बाकीचं पाणी जाणारच. वाट ठेवली नसेल तर ते स्वतःची वाट पाडतं.

म्हणून आपल्याकडे अडवायची ती माती. पाण्याचा वेग मोडायचा आणि ते ठरवून दिलेल्या वाटेने खाली न्यायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हा लेख दहा गुंठ्यांपासून एकरभरापर्यंतच्या वरकस तुकड्यांसाठी आहे: नाचणी-वरईची जमीन, वनपट्ट्याची (वनहक्कात मिळालेली) जमीन, खाचराच्या वरचा माळ. पूर्वी अशी जमीन दोन-तीन वर्षं पिकवून मग काही वर्षं पडीक ठेवत, ती पुन्हा सावरायची. आता वाटण्या झाल्या, तुकडे लहान झाले, पडीक ठेवायला जागा उरली नाही. त्यामुळे दरवर्षी तीच माती उकरली जाते आणि दरवर्षी थोडी खाली जाते. एका गुंठ्यावरून नुसता एक मिलिमीटर थर गेला तरी ती शंभर लिटर माती झाली, आठ-दहा घमेली. डोळ्याला दिसतही नाही.

## कामाला हात घालण्याआधी

वर्षाचा क्रम असा ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त पाहणी. कापणी झाल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत, आखणी आणि खोदाई; तेव्हा जमिनीत थोडी ओल असते, कुदळ लागते. फेब्रुवारी ते एप्रिल दगडाचं काम. मेअखेर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काठ्या. पाऊस स्थिरावला की वाळा आणि गवत. बहुतेकांचं उलट होतं: मे महिन्याच्या सुट्टीत गावी येतात, कडक मुरमात घाम गाळून चर खणतात आणि ती मोकळी माती पंधरा दिवसांत पहिल्या वळवाने वाहून जाते. मे हा खोदाईचा महिना नाही.

सामान फार लागत नाही. पहार, कुदळ, टिकाव, फावडं, घमेली, मीटरची पट्टी, शे-दीडशे खुंट्या, राख किंवा चुना, तीन सरळ बांबू, सुतळी आणि अंड्याएवढा एक दगड.

कागद बघून घ्या. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीत न धरलेली जमीन) किती दाखवलाय, वरची हद्द वनखात्याला लागते का, वनपट्टा असेल तर नकाशातली हद्द नेमकी कुठे येते. साग, खैर, ऐन, मोह, आंबा यांसारखी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. चराच्या आड झाड आलं तर चर वळवा. तालुका कृषी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत एक फेरी मारा. रोजगार हमीतून बांधबंदिस्ती किंवा फळबाग बसत असेल तर अर्ज कामाआधी करायचा असतो. झालेल्या कामाचे पैसे मागायला गेलात तर रिकाम्या हाती परत याल.

सावधान. तुमच्या तुकड्याच्या खाली पाडा किंवा घरं असतील, उतार उभा असेल आणि माती जाड असेल, तर तिथे चर खणू नका. चरात मुरलेलं पाणी त्या जाड थराचं वजन वाढवतं. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी मुसळधार पावसात डोंगराचा भाग वस्तीवर आला. उतारावर कमानीसारखी भेग दिसली, झाडं खालच्या बाजूला कलली, नसलेल्या जागी गढूळ झरा फुटला, तर काम थांबवा, घरं रिकामी करा आणि तहसील कार्यालयाला किंवा जिल्ह्याच्या १०७७ या आपत्ती क्रमांकावर कळवा. बाकी सगळं नंतर.

## १. भर पावसात जमीन पाहणं

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. उन्हाळ्यात जमीन बघून पाण्याचा अंदाज बांधतात आणि तो चुकतो.

जुलैत पावसाची संततधार लागली की घोंगडी-इरलं किंवा रेनकोट घालून तासभर तुकड्यात उभे राहा. पाच गोष्टी शोधा. वरून पाणी आपल्या जमिनीत कुठून शिरतं, स्वच्छ पाणी कुठे लाल व्हायला लागतं, कुठे खडे घरंगळतात, कुठे पाणी तुंबतं आणि शेवटी बाहेर कुठून पडतं. पाणी जिथे लाल होतं ती जागा सर्वांत महत्त्वाची, कारण धूप तिथून सुरू होते. प्रत्येक जागी रंगीत चिंधी बांधलेली खुंटी ठोका. मोबाइलवर चित्रण करा. डिसेंबरात आखणी करताना ते तुमच्यासमोर असलं पाहिजे.

एक सोपी चाचणी आत्ताच करून ठेवा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एक वरच्या शिरकावापाशी भरा, दुसरी खालच्या तोंडापाशी. रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजा आणि तारीख घालून लिहा. पुढच्या वर्षी काम लागू पडलं की नाही, हे या दोन आकड्यांवरूनच कळणार आहे.

## २. उतार आणि मातीची खोली मोजणं

दोन मीटरची सरळ काठी घ्या. तिचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरं हवेत धरा. अर्धी भरलेली बाटली काठीवर आडवी ठेवून काठी समपातळीत आणा. आता हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ४० सेंटिमीटर आलं, तर २०० मध्ये ४०, म्हणजे २० टक्के उतार. तुकड्यात पाच-सहा ठिकाणी मोजा. उतार सगळीकडे सारखा नसतो.

मग पहारीने पाच-सहा ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा.

या दोन आकड्यांवर ठरतं काय करायचं. उतार १० टक्क्यांच्या आत आणि माती फूटभर असेल तर चर आणि मातीचा बांध चालतो. १० ते २५ टक्क्यांत दगडी बांध आणि गवताची ओळ हे खरं काम. २५ च्या पुढे नांगर घालूच नये. तिथे काजू, आंबा, बांबू आणि मधे गवत. ३३ टक्क्यांच्या पुढे चरसुद्धा नको. माती वीतभरही नसेल तर उतार कितीही असो, चर खणू नका. आहे तेवढी माती उकरून मुरूम उघडा पाडण्यात काही अर्थ नाही.

नेहमीची चूक. जेसीबी बोलावून उतार एका दिवसात सपाट करणं. ठाण्या-नवी मुंबईहून गावी जागा घेतलेल्या मंडळींकडे हे फार दिसतं. यंत्र वरची काळी-तांबडी माती खाली ढकलतं, वर मुरूम येतो आणि खाली भरावाचा सैल ढीग राहतो. पहिल्या पावसात तो ढीग खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात जातो. पायऱ्या करायच्याच असतील तर त्या बांधामागे गाळ साठून सावकाश होऊ द्या. तीन-चार वर्षं लागतात, पण वरची माती वरच राहते.

## ३. पाण्याची वाट आधी ठरवणं

चर आखण्याआधी पाणी कुठे सोडायचं ते नक्की करा. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं काम वाया जातं.

जुलैत चिंध्या बांधल्या होत्या, त्यांतून नैसर्गिक नाला किंवा कायमची ओघळ शोधा. पाणी तिथेच सोडायचं. नवीन जागी वाट काढू नका आणि शेजाऱ्याच्या बांधावर तर मुळीच नको. डोंगरातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. वाटेचा तळ रुंद आणि उथळ ठेवा, दीड-दोन मीटर रुंद आणि वीतभर खोल. त्यात गवत असू द्या. चरायला गुरं सोडली तरी मुळासकट उपटू देऊ नका.

मग वरची हद्द. वरच्या जंगलातून किंवा माळावरून येणारं पाणी आपल्या तुकड्यात शिरूच नये म्हणून हद्दीच्या आत एक वळणचर काढा. तो पाणी आडवं नेऊन नाल्यात सोडतो. माझ्या अनुभवात हा एकच चर नीट झाला तरी खालचं निम्मं काम हलकं होतं. पैसे किंवा वेळ एवढ्याच कामापुरता असेल, तर एवढंच करा आणि बाकीचं पुढच्या वर्षावर ठेवा.

## ४. आखणी : ए-फ्रेम बनवणं आणि चालवणं

इथे मी सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त काम इथे बिघडतं.

माझ्या पहिल्या वर्षी मी डोळ्याने आखलं होतं. समोरच्या टेकाडावर भाऊ उभा राहिला आणि "सरळ दिसतंय" म्हणाला. उतारावर डोळा फसतो. मागचा डोंगर तिरका असला की आडवी रेघही तिरकी वाटते. माझ्या चराच्या मधोमध वीतभर खोलगट जागा राहिली होती. जुलैत सगळ्या चराचं पाणी तिथे येऊन साचलं आणि एका रात्रीत फुटलं. खाली काकांचं खाचर. नुकती लावणी झालेलं सगळं आवण, म्हणजे भाताची रोपं, मुरमाखाली गेलं. काका रागावले नाहीत. दोन दिवस वाकून हाताने मुरूम वेचत होते आणि तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "पाण्याला वाट नाय ठेवलीस रं तू." त्यानंतर मी अवजाराशिवाय एक रेघ ओढलेली नाही.

बनवणं. ए-फ्रेम म्हणजे पातळी बघायची, इंग्रजी A च्या आकाराची चौकट. सव्वादोन मीटरचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधा. पाय फाकवून त्यांच्या टोकांत बरोबर दोन मीटर अंतर ठेवा. मधे कमरेच्या उंचीवर तिसरा बांबू आडवा घट्ट बांधा. वरच्या सांध्यातून सुतळीला दगड असा लटकवा की सुतळी आडव्या बांबूला हलकीच घासेल. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम.

मध्य काढणं. जमीन सपाट असायची गरज नाही. फ्रेम उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका. सुतळी स्थिर झाली की आडव्या बांबूवर खूण करा. आता फ्रेम फिरवून डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्यावर ठेवा. दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर चाकूने खोल खाच पाडा. सुतळी त्या खाचेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.

आपल्या पावसासाठी लागणारा बदल. घाटावर इथेच थांबतात, कारण त्यांना चर अगदी समपातळीत हवा असतो. आपल्याला चराला किंचित ओढ हवी, साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोन मीटरला एक सेंटिमीटर. त्यासाठी एका पायाच्या तळाला एक सेंटिमीटर जाड लाकडाची चिप खिळ्याने ठोका. हा "पुढचा पाय". तो नेहमी नाल्याच्या बाजूला. आता सुतळी खाचेवर आली की पुढची जमीन बरोबर एक सेंटिमीटर खाली असते.

चालवणं. रेघेच्या नाल्यापासून दूरच्या टोकाला सुरुवात करा. मागचा पाय खुंटीवर ठेवा, पुढचा पाय वर-खाली सरकवत सुतळी खाचेवर आणा, तिथे खुंटी ठोका. मग अख्खी फ्रेम उचलून मागचा पाय त्या नव्या खुंटीवर ठेवा. चिप ठोकल्यावर फ्रेम पायावर गर्रकन फिरवत पुढे न्यायची नाही. तसं केलं की एक पाऊल उताराला आणि एक पाऊल चढाला पडतं.

हे काम सकाळी लवकर करा. दहानंतर वारा सुटतो आणि सुतळी थांबत नाही. दगड थरथरत असेल तर हाताने धरून हळूच सोडा आणि वीस आकडे मोजा. उतावळेपणाने टिपलेली खूण शेवटी कुदळीनेच निस्तरावी लागते.

दोन रेघांमध्ये उभी उंची साधारण एक मीटर धरा. म्हणजे १० टक्के उतारावर रेघा दहा मीटरवर, २० टक्क्यांवर पाच मीटरवर. पहिली रेघ सर्वांत वर.

तपासा. सगळ्या खुंट्या झाल्यावर मागे जाऊन बघा. एखाददुसरी खुंटी वाकडी असेल तर हातभर सरकवून वळण गोल करा. पण रेघ सरळ दिसावी म्हणून ओढू नका; डोंगर वळतो तशी रेघ वळली पाहिजे. खुंट्यांवरून राखेची रेघ मारा आणि एकदा दुसऱ्या कुणाच्या हातून फ्रेम चालवून पाच-सहा जागा पडताळून घ्या.

## ५. चर आणि बांध

मातीचा चर. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. काढलेली माती खालच्या बाजूला टाका, पण चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. काठालाच ढीग केला तर तो परत चरात ढासळतो. ढीग फावड्याच्या पाठीने ठोकून घट्ट करा. चराच्या तळात दर पाच-सहा मीटरवर वीतभर रुंदीची पट्टी अर्ध्या उंचीपर्यंत न खणता ठेवा. त्या अडथळ्यामागे गाळ बसतो आणि पाणी वरून पुढे सरकतं.

खोदाई प्रत्येक रेघेत नाल्याच्या टोकाकडून सुरू करा. अर्ध्यात काम सोडावं लागलं किंवा अवकाळी पाऊस आला, तरी खणलेल्या भागातलं पाणी बाहेर पडतं. मात्र रेघांचा क्रम वरून खाली. सर्वांत वरची पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. घराजवळ पडतं म्हणून लोक खालून सुरू करतात आणि वरच्या सगळ्या उताराचं पाणी त्या एकट्या चरावर येतं.

दगडी बांध. आपल्याकडे गडगे घालणारे हात तयार आहेत, पण गडगा आणि हा बांध वेगळा. गडगा गुरं अडवायला उभा आणि ताठ रचतात. या बांधातून पाणी पाझरलं पाहिजे, माती मागे राहिली पाहिजे. रेघेवर वीतभर खोल पाया घ्या. तळाला ६० ते ७५ सेंटिमीटर रुंदी, वर ३० पर्यंत निमुळती, उंची गुडघ्याएवढी पुरे. सगळ्यात मोठे दगड पायात. दगड डोंगराच्या बाजूला किंचित कलता ठेवा. हाताने हलवून बघा, हलला तर काढून परत बसवा. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड आला पाहिजे. डोंगराकडच्या अंगाला बारीक चिपा भरा, त्या गाळणीचं काम करतात.

दगड कुठून आणायचे? शेतातला एकूण एक दगड वेचू नका. मातीवर पसरलेले लहान दगड पावसाचा मारा झेलतात. ते काढले की थेंब थेट मातीवर आदळतो आणि धूप वाढते. मुठीपेक्षा मोठे उचला, लहान राहू द्या. नाल्याच्या तळातले तर हलवूच नका.

## ६. ओघळी बुजवणं

आधीच पडलेल्या ओघळीत दगडांचे आडवे बंधारे घालायचे, तेही वरून खाली. उंची मीटरच्या आत. दोन गोष्टी पाळा. बंधाऱ्याचा मधला भाग दोन्ही कडांपेक्षा वीतभर खाली हवा, म्हणजे पाणी मधूनच पडेल. कडा सपाट ठेवल्या तर पाणी बाजूने माती कापतं आणि बंधारा तसाच उभा राहून ओघळ दुप्पट रुंद होते. दोन्ही टोकं काठाच्या मातीत हातभर घुसवा. पाणी पडतं तिथे खाली चपटे दगड अंथरा.

खालच्या बंधाऱ्याचा माथा वरच्या बंधाऱ्याच्या पायाच्या पातळीत येईल एवढं अंतर ठेवा.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून रचणं टाळा. एका उन्हाळ्यात गोणी विरते.

## ७. जिवंत बांध : वाळा आणि गिरिपुष्प

दगड आणि माती पहिली दोन वर्षं भार सोसतात. पुढे तो मुळांनी घ्यायचा असतो. म्हणून चराच्या किंवा बांधाच्या खालच्या ढिगावर गवताची अखंड ओळ हवी.

वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, दोन मीटर आणि त्याहून खोल, त्यामुळे पिकाच्या वाट्याचं फारसं खात नाहीत. ठोंब खणून फुटवे वेगळे करा, पानं वीतभर ठेवून छाटा आणि दोन-तीन फुटव्यांचा जुडगा दर १५ सेंटिमीटरवर लावा. २० मीटरच्या रेघेला १३० च्या वर जुडगे लागतात; आधी मोजून ठेवा. अर्धे आणून हातभर अंतरावर लावले तर ओळ होतच नाही, पाणी फटींतून दुप्पट जोराने जातं. ऑगस्टमध्ये मेलेल्या जागा भरून काढा. वाळा पुरेसा मिळाला नाही तर गवती चहा लावा. माती तोही धरतो आणि जुड्या कल्याणच्या बाजारात विकता येतात.

गिरिपुष्पाच्या अंगठ्याहून जाड, हात-दीड हात लांबीच्या काठ्या, खालचं टोक तिरकं कापून, अर्ध्या मीटरवर बांधाच्या ढिगात रोवा. दुसऱ्या वर्षापासून कमरेच्या उंचीवर छाटा. हा पाला चिखलणीच्या आधी खाचरात टाकला की लवकर कुजतो आणि नत्र देतो.

याचा संबंध राबाशी आहे, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा पालापाचोळा पसरून भाजण्याशी. राबासाठी दरवर्षी उतारावरच्या ऐनाच्या फांद्या आणि पालापाचोळा खाली ओढला जातो, आणि ज्या जागेला आच्छादन सर्वांत जास्त हवं तीच उघडी पडते. राब एकदम बंद करा असं मी कुणाला सांगत नाही; त्याने तण मरतं, राख मिळते, हे खरं आहे. पण गादीवाफ्यावर शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला घालून आधी अर्धं रोप करून बघा. दोन्हीकडचं रोप शेजारी शेजारी दिसलं की घरातल्या मोठ्यांशी वाद घालावा लागत नाही. खालच्या खाचरात बदल करायचाच असेल तर नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेलं सगुणा राईस तंत्र पाहून या. त्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत, कायमच्या गादीवाफ्यावर टोकणी असते.

## ८. पीक आडवं घेणं

बांध कितीही चांगला असला तरी दोन बांधांमधली जमीन उभी नांगरली की नांगराचा प्रत्येक तास एक छोटी ओघळ होतो. नांगर बांधाला समांतर चालवा. नाचणी आवटणीने, म्हणजे रोपं नुसती फेकून, टाकत असाल तर दोन बांधांच्या मधल्या निम्म्या पट्ट्यात तरी ठोंब्याने आडव्या ओळीत लावा, साधारण २० बाय १५ सेंटिमीटरवर. पाच-सहा ओळींनंतर एक ओळ तूर किंवा उडीद. बेणणी केल्यावर तण बांधावर फेकू नका, दोन ओळींमध्ये आडवं अंथरा.

कापणी जमिनीपासून वीतभर वर करा, धसकटं उभी राहू द्या. आणि वणवा. फेब्रुवारीत एकदा वणवा फिरला की वर्षभराचं आच्छादन जातं आणि जूनचा पहिला तडाखा उघड्या मातीवर बसतो. डिसेंबरातच हद्दीवर दोन-तीन मीटरचा पट्टा खुरपून मोकळा ठेवा.

## ९. पहिला पावसाळा आणि नंतरची डागडुजी

पहिल्या वर्षी गावी न राहता हे काम करता येत नाही, किमान जूनअखेर ते जुलै. मी ठाण्यात नोकरी करतो, कल्याणहून एसटीने जातो. त्या सहा आठवड्यांत एकही रविवार चुकवत नाही आणि मधल्या दिवसांसाठी गावातल्या एकाला फावड्यासकट सांगून ठेवतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक रेघ टोकापासून टोकापर्यंत चालून बघा. कुठे पाणी थांबलंय, तिथून पुढचा, नाल्याकडचा तळ दोन बोटं खाली घ्या. कुठे काठावरून सांडतंय, तिथे लगेच दगड-माती ठोकून काठ उचला. भर पावसात मूठभर भेग दहा मिनिटांत बुजते, दुसऱ्या दिवशी तिला दहा घमेली लागतात. नाल्याच्या तोंडाशी जमीन खचत असेल तर तिथे चपटे दगड अंथरा.

तपासा. गेल्या वर्षीसारख्याच दोन बाटल्या, त्याच दोन जागी, तशाच पावसात भरा. खालच्या बाटलीतला गाळ गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आला तर आखणी बरोबर आहे. उतरला नाही तर वळणचर आणि सर्वांत वरची रेघ परत फ्रेमने तपासा, दोष बहुधा तिथेच सापडतो.

ऑक्टोबरात चर कोरडे पडले की तळाचा गाळ उपसा. तो तुमच्याच शेताचा वरचा थर आहे. घमेल्याने बांधाच्या वर, शेतात न्या आणि जिथे मुरूम उघडा पडलाय तिथे पसरा. दगडी बांधामागे गाळ माथ्यापर्यंत आला असेल तर बांधावर अजून एक थर चढवा. वाळा गुडघ्याएवढा छाटा आणि ती पानं त्याच जागी अंथरा. किती घमेली गाळ वर नेला ते बाटल्यांच्या आकड्यांखाली त्याच वहीत लिहून ठेवा.